जानकीने पोरं खाल्ली नव्हती

रविवार होता. बोरीवलीच्या आमच्या घरात आजी नारळ खवत होती, बाबा पेपर वाचत होते आणि माझी भावजय श्रुतिका मोरीत ओकत होती. तिला चौथा महिना. आई जाऊन दोन महिने झाले होते.

ओकारीवर आमच्या घरात एकच औषध चालतं. गावाकडच्या बुवांची गोळी: भांग, गूळ, सुंठ. ती घेतली की सून निजते आणि उठून कामाला लागते. माझ्या आईने, जानकीने, पाचांपैकी तीन गरोदरपणांत ती खाल्ली. तिन्ही बाळं अगदी एवढीशी जन्मली आणि गेली. दर वेळी बाबांनी तिला पट्ट्याने मारलं. तिसऱ्या वेळी टाकेही सुकले नव्हते. "पोरां खाणारी," आजी म्हणायची. मी आणि माझा भाऊ निलेश जगलो. आमच्या वेळी आई माहेरी, देवगडला होती. तीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मी मरोळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. बाळ मृत जन्मलं की त्याला पोटात पोसणारी वार आमच्याकडे तपासायला येते. त्याच विषयावर वाचत असताना मी आईला फोन केला.

"आई, वारेवर काही ठरलेल्या जागा असतात. गर्भ रुजावा, वार वाढावी म्हणून शरीर स्वतः एक रसायन बनवतं, ते तिथे जाऊन बसतं. भांगेतलं द्रव्यही नेमकं त्याच जागांवर बसतं. मग वार नीट वाढत नाही, बाळाचं वजन भरत नाही."

ती म्हणाली, "म्हणजे पोरां मी नाय खाल्लंय?"

"गोळीनेच गेली असं ठाम नाही सांगता येत. पण तू नाही खाल्लीस, आई."

तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

त्याच आठवड्यात श्रुतिकाला दिवस गेल्याचं कळलं. आजीने गोळ्यांचा डबा काढला. आईने तो मोरीत उपडा केला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. बाबांनी तिचे केस धरून डोकं ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं. दोनदा.

पोलिसांच्या कागदावर 'पाय घसरून' असं आहे. "बाबांना आत टाकायचंय का तुला? घरात बाळ येतंय," निलेश म्हणाला होता. खाली सही माझी आहे.

त्या रविवारी आजीने नवा डबा उघडला. "घे गो, बरा वाटात."

"ती नाही घेणार," मी म्हणाले.

"तुझ्या आवशीन तीन पोरां खाल्ल्यान. आता तू ह्या खाऊक इलंस?"

बाबा उठले. पहिली थप्पड कानावर बसली, दुसरीने ओठ फाटला. मग त्यांनी माझे केस धरले. ओटा हातभर अंतरावर होता.

"आईंनाही असंच धरलं होतं," श्रुतिका मोरीच्या दारातून म्हणाली. "मी इथेच उभी होते. सोडा त्यांना, बाबा."

"श्रुती, गप ना यार," निलेश म्हणाला.

"दोन महिने गप्पच आहे रे मी."

बाबांची मूठ सैल झाली. श्रुतिकाने डब्यातली एक गोळी रुमालात बांधली आणि चपला घातल्या. मीही निघाले.

चौकीत हवालदाराने जुना जबाब शोधून काढला. "पाय घसरून, असं लिहिलंय. सही कोणाची?"

"माझी." ओठ सुजल्यामुळे सावकाश बोलावं लागत होतं. "सही खरी आहे. मजकूर खोटा."

श्रुतिकाने खुर्ची पुढे ओढली आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं, दोघींच्या सह्या घेतल्या. मी म्हटलं, शेवटी आणखी एक ओळ लिहा: जानकीने पोरं खाल्ली नव्हती.

"ताई, हे जबाबात नाही घेता येत," तो म्हणाला.

म्हणून इथे लिहिलं.