सुचित्राचे दोन एक्के

कोलकात्यात भवानीपूरच्या मराठी मंडळात ब्रिजचा अंतिम सामना चालू होता. लोडशेडिंगमुळे पंखा बंद होता, पण कुणी उठत नव्हतं. जयप्रकाशरावांनी जोडीला बसलेल्या बायकोला बोलीतूनच विचारलं, "चार नो-ट्रंप." म्हणजे, तुझ्याकडे एक्के किती?

"पाच बदाम," सुचित्रा म्हणाली. म्हणजे दोन.

उरलेले दोन त्यांच्याच हातात होते. सहाची स्लॅम, म्हणजे बारा हातांची बोली, बोलायचीच बाकी होती, आणि हा गृहस्थ पाच इस्पिकांवर थांबला! डाव संपला तेव्हा बारा हात झाले होते. स्लॅम हातची गेली होती.

"अगं, आज तुझी संकष्टी. म्हटलं, उपाशीपोटी मोजायला चुकली असशील," ते हसले.

"बौदी, आधी जेवून घ्या!" समोरच्या जोडीतल्या घोषबाबूंनीही बंगालीत 'वहिनी' अशी हाक मारत री ओढली.

सुचित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. उपास पोटाला होता, डोळ्यांना नव्हे! आणि संकष्टीच्या दिवशी हातातल्या पानांबद्दल ती भलतंच सांगेल?

पुढच्याच डावात जयप्रकाशरावांनी पुन्हा विचारलं, "चार नो-ट्रंप."

"पास," ती हळूच म्हणाली.

घोषबाबूंनीही झटकन पास दिला आणि बोली तिथंच संपली.

"अगं, पास काय? तो प्रश्न होता!"

"ठाऊक आहे मला. उत्तर मानायचंच नाही, तर विचारता कशाला?"

पहिलं पान पडल्यावर नियमाप्रमाणे तिनं आपली पानं टेबलावर उघडी मांडली. तीन एक्के होते. जयप्रकाशराव चारचाच डाव खेळू लागले.