चार फुटाला पाच सूत

अण्णासो मगदूमांचं माप चुकत नाही, हे कसबा बावड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एखाद्याला नसेलच ठाऊक तर अण्णासो स्वतः सांगायचे. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मिळून छत्तीस वर्षं त्यांनी पॅटर्नमेकर म्हणून काढली. म्हणजे सुतारच, पण फौंड्रीतला. जो भाग धातूत ओतायचा तो आधी लाकडात घडवायचा, आणि घडवायचा तोही किंचित मोठा, कारण धातूचा रस थंड होताना आटतो. सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडचं तिकडं झालं की अख्खा माल परत. अण्णासोंचा माल कधी परत आला नाही. या एका गोष्टीनं त्यांचं नाक जे वर गेलं ते खाली यायचं नाव घेत नव्हतं.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. निवृत्त माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. अण्णासोंना सून नव्हती. त्यांनी घरामागच्या शेडमध्ये एक मोडकी स्पोर्ट्‌स कार आणून उभी केली.

गाडी दोन सीटांची, लाल, बसकी, फायबरच्या अंगाची. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळं पार्ट मिळायची बातच नको. पाच वर्षं ती हंबीररावांच्या बंद गुऱ्हाळात ताडपत्रीखाली पडून होती. हंबीरराव बावड्यातलेच शेतकरी, अण्णासोंचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनीच ती ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली आणि शेडच्या दारात खाली उतरून विचारलं, "अण्णासो, ह्या वयात हिच्यात बसून कुठं पळून जानार हाईस? वहिनीस्नी तरी इचारलास का?"

"माझ्यासाठी न्हाय ती," अण्णासो म्हणाले.

हे हंबीररावांना माहीत होतंच. गाडी स्नेहलची होती.

स्नेहल ही अण्णासो आणि पद्मावतींची एकुलती एक लेक. बाहुल्यांच्या वयात ती शेडमध्ये लाकडाच्या भुशात बसून खेळायची. अण्णासोंच्या सागवानी पेटीत दोन फुटी दोन पोलादी पट्ट्या असत. डाव्या खणातली साधी. उजव्या खणातली ओतकामाची. तिचे इंच मुळातच जरा लांब आखलेले, म्हणजे धातू किती आटणार याचा विचार पट्टीनंच करून ठेवलेला. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. सात वर्षांची स्नेहल डोळे मिटून सांगायची, "डावी खरी, उजवी वाढीव." पुढं ती इंजिनिअर झाली आणि कुठूनतरी ही ठोकलेली लाल गाडी घेऊन आली. दोन वर्षं दर रविवारी बापलेक तिच्याखाली पाठीवर पडलेले असायचे. स्नेहल एकेक भाग मोजून वहीत उतरवायची. पद्मावती दिवस बुडायच्या आत जेवायला हाका मारायची आणि दोघंही काळ्या हातांनी एकमेकांवर ढकलायची, की हिनं उशीर केला, ह्यांनी केला.

मग पाच वर्षांपूर्वी एका सकाळी स्नेहल ती गाडी घेऊन हातकणंगल्याच्या रस्त्याला गेली. एका वळणावर तिनं ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडच्या उसात घुसली. पुढचा भाग चेचला गेला आणि स्नेहलचं खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात शुद्धीवर येताच ती म्हणाली, "पप्पा, ब्रेक डावीकडं ओढत हुता." ब्रेकचं काम अण्णासोंनी केलं होतं. खोलीत पाहुणे होते, शेजारी होते, फौंड्रीतली चार माणसं होती. पोर वाचली म्हणून बापानं खरं तर तिथं रडायला हवं होतं. अण्णासो सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं काम चुकत न्हाय. तुझा हात चुकला. तुला झेपत न्हाय ती गाडी."

घरी आल्यावर स्नेहलनं एवढंच विचारलं, गाडी कुठं आहे. "भंगारात घातली," अण्णासोंनी सांगितलं. तेही खोटं. घालायला निघाले होते खरे, पण हात धजेना, म्हणून हंबीररावांच्या गळ्यात मारली. महिन्याभरात स्नेहल चाकणला एका मोटार कंपनीत नोकरी धरून निघून गेली.

तशी ती येते. दिवाळीला दोन दिवस. "तब्येत बरी आहे ना?" असं विचारते, परक्या घरातल्या पाहुण्यासारखं स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवते आणि शेडकडं बघतसुद्धा नाही. न येणारी लेक परवडली, असं अण्णासोंना वाटायचं. घरात असून नसलेल्या पोरीची आठवण कुणाला सांगायची? त्यांना फार काही नको होतं. गाडीखालून नुसता एक हात बाहेर यावा आणि "पप्पा, बाराचा पाना" अशी हाक यावी, एवढंच. कधी कधी एकटेच काम करताना ते बाराचा पाना उगाच हातात धरून उभे राहायचे.

श्रावणात त्यांनी पुढच्या चाकांचे ब्रेक उघडले. उजव्या चाकाला तेल नेणारा रबरी पाइप बघितला आणि ते तिथंच जमिनीवर बसले. पाइप पीळ घालून बसवलेला होता. त्यातून तेल उशिरा पोचणार, उजवं चाक उशिरा धरणार, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडंच ओढणार. तो पाइप त्यांनीच बसवला होता. स्नेहल त्या दिवशी इंजिनाला लागली होती, तिनं हातही लावला नव्हता.

त्या संध्याकाळी अण्णासो जेवले नाहीत. पद्मावतीनं खोदून खोदून विचारलं, शेवटी सांगितलं. तिनं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि ती म्हणाली, "आता फोन करा पोरीला."

"गाडी पुरी हुंदे. मग बोलिवतो. बसवतो तिला गाडीत. मग सांगतो."

"गाडी काय सांगनार हाय तुमच्या वतीनं? सुंभ जळला तरी पीळ काय जाईत न्हाय तुमचा."

भाद्रपदात पर्युषण संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल तर ज्याची त्याची क्षमा मागायचा दिवस. अण्णासो जैन बस्तीत दर्शन घेऊन आले. वाटेत भेटेल त्याला हात जोडले, ज्याच्याशी बांधावरून भांडण नव्हतं त्याचीसुद्धा क्षमा मागितली. घरी येऊन मोबाइलवर आलेला एक फुलांचा संदेश त्यांनी सगळ्यांना पुढं ढकलला. त्या सगळ्यांत स्नेहलही होती. तिच्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. पद्मावतीनं ते बघितलं आणि फोन त्यांच्या हातात परत ठेवला.

"सगळ्या गावाची क्षमा मागितलासा," ती म्हणाली, "जिची मागायची तिला तेवढं फुलं धाडलासा."

अण्णासोंना हे झोंबलं. झोंबलं म्हणून ते दुप्पट जोरानं कामाला लागले. आता घरात करायचं असं बॉनेट तेवढं राहिलं होतं. जुन्याचे तुकडे झालेले, तेव्हा नवंच करायचं होतं, आणि साचा करणं म्हणजे तर त्यांचा हातखंडा. गाडीचा सांगाडा तेव्हा वेल्डिंगवाल्याकडं सरळ व्हायला गेला होता, त्यामुळं मापं घेतली स्नेहलच्या वहीतून. तिच्या अक्षरावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. लांबी अठ्ठेचाळीस इंच, रुंदी अडतीस. पेटीच्या डाव्या खणातून पट्टी काढली. उजवा खण रिकामा होता. ओतकामाची पट्टी आपण फौंड्रीतच विसरून आलो असणार, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला. पेटी तशी बऱ्याच वर्षांनी उघडली होती. कामावर कंपनीची हत्यारं असायची. तीन आठवडे खपून त्यांनी लाकडाचा साचा केला, त्यावर फायबर चढवलं, घासलं, पुन्हा चढवलं. हात फिरवला तर कुठं खरखर लागत नव्हती.

सांगाडा परत आला. हंबीररावांना मदतीला घेऊन त्यांनी बॉनेट उचललं आणि गाडीवर ठेवलं. ते बसेना.

लांबीत पाच सूत जास्त, रुंदीत चार सूत. अण्णासोंनी बॉनेट मोजलं: अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. गाडीवरची जागा मोजली: सत्तेचाळीस इंच तीन सूत. दुसऱ्या दिवशी मोजलं, तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"ग्राइंडर लाव आनी उडव की पाच सूत," हंबीरराव म्हणाले. "त्यात काय एवढं?"

पण अण्णासोंचं लक्ष वहीकडं होतं. "पोरीनंच माप चुकवलंय," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस लिवलंय बघ हितं. जागा हाय सत्तेचाळीस आनी तीन सूत."

पद्मावती चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे जमिनीवर आपटल्यासारखा ठेवला. "आलं का पुन्हा तिच्यावर? तवाबी तिचाच हात चुकला हुता न्हवं? करा फोन. आत्ता करा. सांगा तिला, की तुझंच चुकलंय. बघू तुमची जीभ रेटती का!"

हंबीररावांना अचानक म्हशीची धार काढायची आठवण झाली आणि ते निघून गेले. भर दुपारी कसली धार, हे कुणी विचारलं नाही. अण्णासोंनी फोन लावला.

"पप्पा?" स्नेहलचा आवाज घाबरलेला होता. बाप आपण होऊन फोन करतो म्हणजे घरात काहीतरी झालं असणार. "आईला काय झालं?"

"आईला काय हुतंय! माझ्यावर वरडायलीया." पुढचं सगळं त्यांनी मनात पाठ केलेलं होतं. तोंडातून भलतंच आलं. "तुझ्या वहीतलं बॉनेटचं माप चुकलंय."

पद्मावतीनं कपाळावर हात मारून घेतला.

"कसलं बॉनेट?"

"गाडीचं. तुझ्या."

"गाडी तर भंगारात घातलासा न्हवं?"

"न्हाय घातली," अण्णासो म्हणाले. "खोटं बोललो. हंबीररावाच्या गुऱ्हाळात हुती. आता शेडात हाय. इंजन चालू झालंय. बॉनेट तेवढं बसंना."

फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून काढून बघितला. मग आवाज आला, आणि तो दिवाळीतल्या पाहुणीचा नव्हता. "किती फरक हाय?"

"अठ्ठेचाळीसला पाच सूत."

"रुंदीला?"

"अडतीसला चार."

"म्हंजे फुटामागं सव्वा सूत. दोन्हीकडं सारखंच." ती थांबली. "पप्पा, पट्टी कुठल्या खणातली घेतलासा?"

"डाव्या. मला काय कळत न्हाय व्हय?"

"भिंग घ्या आनी पट्टीच्या टोकाला काय कोरलंय बघा."

अण्णासोंनी भिंग घेतलं. पट्टीच्या टोकाला तेलाचा जुना थर होता. तो अंगठ्यानं पुसला तेव्हा खाली बारीक अक्षरं दिसली: ॲल्युमिनियम, आटणी फुटाला पाच-बत्तिसांश इंच. म्हणजे सव्वा सूत. ही ओतकामाची पट्टी होती. धातू आटतो, फायबर कुठलं आटायला? आणि ज्या वाढीव पट्टीनं बॉनेट वाढलं होतं, तिनंच जागा मोजली म्हणून जागा कमी भरत होती. वहीतलं माप सूतभरही चुकलेलं नव्हतं.

"ही डाव्या खणात कशी आली?" त्यांनी विचारलं.

"मी ठेवली." स्नेहलचा आवाज बारीक झाला. "चाकणला येताना साधी पट्टी मी न्हेली. खण रिकामा दिसला असता तर तुम्ही लगेच इचारला असतासा. म्हणून दुसरी तिथं सरकवली."

"पट्टी कशाला न्हेलीस? दुकानात शंभर मिळत्यात."

"सहा इंचापाशी तुमच्या अंगठ्यानं झिजलीया. तसली दुकानात मिळत न्हाय."

अण्णासो स्टुलावर बसले. लेक रागानं घर सोडून गेली, असं ते पाच वर्षं धरून चालले होते. जाताना तिनं त्यांचा अंगठा सोबत नेला होता.

"म्हंजे माप तुझं बरोबर हुतं," ते म्हणाले.

"व्हय."

इथं ते थांबू शकले असते. पद्मावती समोर उभी होती, तिनं डोळ्यांनीसुद्धा काही सुचवलं नाही.

"आनी ब्रेकबी," अण्णासो म्हणाले. "उजव्या चाकाचा पाइप मी पीळ घालून बसवलता. गाडी डावीकडंच ओढत हुती. तवाबी तुझंच बरोबर हुतं, आनी मी चार माणसांत तुला बोललो. माझं चुकलं, स्नेहल."

पलीकडं ती रडत होती. अण्णासोंनी तिला रडू दिलं, कारण दवाखान्यात तेवढंही दिलं नव्हतं.

"पप्पा," बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "त्या दिवसापासनं मी गाडीच चालवली न्हाय. कंपनीत रोज पन्नास गाड्या बघतो. पर ष्टेअरिंगला हात लावला की वाटतं, आपला हातच चुकतोय."

अण्णासोंनी फोन पद्मावतीकडं दिला आणि गाडीच्या पलीकडं जाऊन तोंड फिरवून उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, आपण पोरीची गाडी दडवून ठेवली. खरं तर दडवला होता तिचा स्वतःच्या हातावरचा भरवसा.

संध्याकाळी दिवस बुडायच्या आत दोघं जेवायला बसली तेव्हा मोबाइलवर स्नेहलचा संदेश आला. अण्णासोंनी चष्मा लावून वाचलं, मग मोठ्यानं वाचून दाखवलं: "बॉनेट कापू नका. शनिवारी येतो. मी कापणार."

"भाकरी जेवा आधी," पद्मावती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून पिठल्याचं पातेलं पुढं ओढलं.

जेवण झाल्यावर अण्णासो शेडमध्ये गेले. ग्राइंडरची वायर गुंडाळून त्यांनी बाजूला ठेवली. बाराचा पाना शोधून, पुसून, गाडीशेजारी हाताला येईल असा ठेवला. मग ओतकामाची पट्टी पेटीच्या उजव्या खणात घातली, आणि डावा खण फडक्यानं स्वच्छ पुसून रिकामा सोडला.