एका रात्रीसाठी घेतलेली घरगाडी

मित्रांनो, जपानातल्या योकोते गावात एका अंगणात भिंतीकडे तोंड करून जी पांढरी गाडी उभी दिसते ना, ती मी. घरगाडी आहे मी, आता बरीच जुनी झालेली. माझ्या पोटात दोन माणसांची गादी आहे, शेगडी आहे, इवलीशी मोरी आहे. पहिल्या मालकाने मला देशभर फिरवलं. मग त्याचे गुडघे गेले आणि मी जुन्या गाड्यांच्या दुकानात येऊन पडले.

तिथे तोकुजी आणि मित्सुए हे म्हातारं जोडपं आलं. तोकुजी नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला, नाकासमोर चालणारा माणूस. घरगाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. विक्रेता बॅटरी, पाण्याची टाकी, काय काय समजावत होता आणि हा मान डोलवत होता. शेवटी त्याने चाकाला हळूच बुटाने ठोकलं आणि विचारलं, "पण ही चालते ना?"

मित्सुएचा प्रश्न वेगळाच. "या शेगडीवर भाताची पेज होईल का हो? ताईला दुसरं काही पचत नाही."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, तोमे. दोघी होक्काइदोतल्या माशिके गावच्या, कोळ्याच्या पोरी. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच हिला वाढवलं. आता गावातलं घर पडलं होतं आणि ताई समुद्रापासून लांब, असाहिकावाच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळली होती. आपल्या समुद्राकाठी एकदा झोपायचंय, एवढाच तिचा धोशा. डॉक्टर म्हणाले, फार दिवस उरले नाहीत, एका रात्रीपुरतं न्यायचं तर न्या. गावात उतरायला घर नाही, तर घरच घेऊन जाऊ, असं मित्सुएने ठरवलं. त्या एका रात्रीसाठी मला विकत घेतलं. मित्रांनो, इतका मान मला आधी कुणी दिला नव्हता!

सराव म्हणून दोघं आधी अंगणातच माझ्यात झोपले. सकाळी शेजारीण किनुयो मुळ्याचं लोणचं घेऊन आली आणि हसत सुटली. "काय हो तोकुजीसान, बायकोने घराबाहेर काढलं वाटतं?"

"दोघांनाही काढलंय," आतून मित्सुए म्हणाली. "तू येतेस का? जागा आहे!"

मग आम्ही निघालो. आकिताच्या बंदरातून होक्काइदोला जाणारी दुपारची बोट धरायची होती. वाटेत प्रवाशांच्या थांब्यावर दोघं जेवायला थांबले. आता घर म्हटलं की जोडे दाराबाहेर. मित्सुएने दोघांचे जोडे माझ्या पायरीखाली डांबरावर ठेवले, घालायला सोपे जावेत म्हणून टोकं बाहेर वळवून. भाताचे गोळे खाल्ले, जरा पाठ टेकली. मग तोकुजी घरातल्या सपाता घालून उठला आणि आतल्या आतच चालकाच्या जागेवर जाऊन बसला. इथेच घात झाला हो! आजवर जी मोटार चालवली, तिच्यात तो बाहेरून चढलेला. आतून उठून गाडी हाकायची सवय बिचाऱ्याला कुठली?

बंदरावर त्याने दार उघडून पाय खाली टाकला आणि तसाच थिजला. "अगं... आपले जोडे!"

मित्सुए आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "राहू द्या तिथेच. सपातांवर चढू बोटीत."

"चार लोकांत? आणि आश्रमाच्या दारात? शी! बोटीला अवकाश आहे. हा गेलो नि हा आलो."

"अहो, नको ना! ताई वाट बघतेय."

पण तोकुजीने मला वळवलं. जोडे होते तिथेच, नव्हे, कुणीतरी ते उचलून वळचणीखाली नीट मांडून ठेवले होते. झाडणाऱ्या बाईंचं काम ते. तोकुजीने त्यांना वाकून नमस्कार केला, त्या वाकल्या, हा पुन्हा वाकला. तेवढ्याने भागलं नाही. रिकाम्या हाताने आभार कसे मानायचे, म्हणून हा दुकानात मिठाईचा खोका आणायला गेला. दुकानदार तो सावकाश कागदात बांधत बसला. मित्सुए माझ्या दारात उभी राहून हातवारे करत होती. मला पाय असते तर मीच निघाले असते.

आम्ही बंदरावर पोहोचलो तेव्हा बोटीने धक्का सोडला होता. पुढची बोट उद्याची. दुसऱ्या दिवशी, बोटीच्या रांगेत उभे असताना, आश्रमाचा फोन आला. पहाटे ताई गेली होती.

तरी आम्ही गेलो. दहन झालं. मित्सुएने ताईच्या मुलाचा हात धरला. "एक रात्र दे रे मला तिला. उद्या आणून देते." तो रडायला लागला आणि पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थिकलश स्वतः माझ्या दारापर्यंत घेऊन आला.

संध्याकाळी माशिकेच्या किनाऱ्यावर मी उभी होते. मित्सुएने समुद्राकडची खिडकी उघडली, कलश खिडकीशी ठेवला, त्याच्यावर रजई ओढली. तोकुजी आत येईना. वाळूत उभा राहून तो माझ्याकडे तोंड करून कमरेत वाकला होता आणि सरळ होतच नव्हता.

"अहो, या आत. गारठाल."

"मी पुढे सीटवर बसतो. गादी तुम्हा दोघींची."

"या म्हणते ना. ताईला आता किती जागा लागणार आहे?"

तेव्हा तो आत आला आणि लहान पोरासारखा रडला. मलाही रडावंसं वाटलं, पण गाडीला ते जमत नाही.

तेव्हापासून मी या अंगणात आहे. तोकुजी दर रविवारी मला धुतो, पुसतो, टायरात हवा भरतो, पण कुठे नेत नाही. मित्रांनो, तुम्ही आपल्या गाडीची एवढी निगा नका राखू. गाडीला चिखल लागू द्या, ओरखडे पडू द्या, लोक हसले तर हसू द्या. कुणी वाट बघत असेल, तर असाल तसे निघा. आम्ही अगदी नीटनेटके पोहोचलो होतो. पण उशिरा पोहोचलो.