शेवटचा नंबर

त्या गुरुवारी विज्मा बालवाडीत गेली ती आईचा विसरलेला चष्मा द्यायला. टाल्सी गावाच्या रस्त्यांवर बर्फ घट्ट बसलं होतं.

आउस्माबाईंच्या, म्हणजे विज्माच्या आईच्या, वर्गाची सकाळ गेली पस्तीस वर्षं एकाच पद्धतीनं सुरू व्हायची. मुलं गोल करून बसायची. एकेकानं उठायचं, खिशातला हात बाहेर काढायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि हात मिळवून, नाव घेऊन ‘सुप्रभात’ म्हणायचं. दारात मात्र कुणी कुणाला हात द्यायचा नाही. उंबऱ्यावरून हात मिळवला की भांडण होतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“आत ये की,” दारातच चष्मा घेत आई म्हणाली. “आज पाहुण्याला कसं भेटायचं ते शिकवतेय. पाहुणाच नव्हता.”

“माझी बस आहे.”

“दहा मिनिटं गं.”

“तुझी दहा मिनिटं मला माहितीयत.”

आतून तेक्ला किंचाळली, “बाई, राईविस मुद्दाम हात दाबतोय!”

“राईविस, हात आहे तो, लिंबू नाही!” आई मागे वळून ओरडली आणि हसत हसत तिनं विज्मापुढे हात केला. सवयच ती.

“उंबऱ्यावरून नाही, आई. तूच शिकवलंयस,” विज्मा म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

बस दुपारी होती. समोरच्या बेकरीत बसून तिनं चाळीस मिनिटं एक कॉफी पुरवली.

पाच वर्षांची असताना तीही याच वर्गात होती. बाई स्वतःच्या मुलीचे लाड करतात असं कुणी म्हणू नये, म्हणून आई प्रत्येक मुलाला हात द्यायची आणि विज्माचा नंबर सगळ्यात शेवटी लावायची. तोवर लापशीची गाडी दारात खडखडत यायची. आईचं अर्धं लक्ष ताटल्यांकडे. बोटांना बोटं लागली न लागली की ती उठायची. विज्मानं याबद्दल घरी कधी चकार शब्द काढला नाही. सल मात्र जपून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी पहाटे आई स्वयंपाकघरात कोसळली, ती उठलीच नाही.

दफन झाल्यावर आठवड्यानं विज्मा आईच्या सपाता आणि कप न्यायला आली. बदलीवर आलेल्या बाईंनी मुलांना गोलात बसवलं होतं. तेक्लानं तिला लगेच ओळखलं.

“तुम्ही त्या बसवाल्या ना? आम्ही तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती. मग बाई म्हणाल्या, तिला उशीर होत होता, रागावू नका तिच्यावर.”

“मग? मिळाली का बस?” राईविसनं विचारलं.

हो म्हणून सुटता आलं असतं. बदलीच्या बाई कपाट उघडून उभ्याच होत्या, सपाता हातात घेऊन. विज्मा त्या बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीला टेकले.

“बस तेव्हा नव्हतीच, दुपारी होती,” ती म्हणाली.

तिनं आईच्या सपातांकडे पाहिलं.

“मी समोरच बसले होते, आई. तू मला शेवटी ठेवायचीस, त्याचा राग होता.” तिनं हात पुढे करून सपाता घेतल्या. “पण रोज सकाळी त्या गोलात बसून मी तुझ्याच हाताची वाट बघायचे.”