विहीर कुणाची?

ठराव क्रमांक सात. सूचक हंबीरराव, अनुमोदक प्रीती प्रसेनजीत कांबळे. सर्वानुमते मंजूर. ती अनुमोदक म्हणजे मी. त्या दिवशी सही करताना माझी मान इतकी ताठ होती की आता आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सत्त्याण्णव साली बायकांच्या राखीव जागेवर मी आमच्या बौद्धवाड्यातून ग्रामपंचायतीत निवडून आले. गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिकडं चंदगडला पाऊस हटत नाही म्हणतात. आमच्यापर्यंत त्यातला चहापुरता पोचतो. नवरा इचलकरंजीत मागावर. घरी मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे धोंडीराम, वय अठ्ठ्याहत्तर.

पुढच्या वर्षी तालुक्याच्या कचेरीतून पत्र आलं. सरकारचा पाण्याचा कायदा होता. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय कुणी विहीर खोदायची नाही, बोअर मारायची नाही. गावानं त्या कायद्याला पाठिंब्याचा ठराव करावा आणि गावातल्या सार्वजनिक विहिरींची यादी जोडावी, असं पत्रात लिहिलं होतं. मी ते चारदा वाचलं. आमच्या विहिरीपासून दोनशे पावलांवर उपसरपंच हंबीररावांचं रान, आणि तिथं उसासाठी बोअर मारायचं त्यांच्या मनात होतं. मला वाटलं, आता बसला चाप. घरोघर हिंडून मी माणसं ग्रामसभेला आणली. ठराव मांडायला खुद्द हंबीरराव उठले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. मी मात्र टाळ्या वाजवल्या आणि खाली सही ठोकली. सोबतची यादी उघडून पाहिली नाही.

ती यादी करायला ग्रामसेवक चार दिवस आधी वाड्यात येऊन गेले होते. मी दुसऱ्याच्या रानात भांगलणीला, तण काढायला, गेले होते. ते मामंजींना भेटले आणि साधा प्रश्न विचारला, "आजोबा, ही विहीर कुणाची?"

हा प्रश्न मामंजींना विचारायचा म्हणजे काय, ते त्या ग्रामसेवकाला कुठून ठाऊक असणार! पूर्वी आमच्या बायका मारुतीच्या देवळामागच्या गावविहिरीवर घागर घेऊन कट्ट्याच्या खाली उभ्या राहायच्या. कुणाला दया आली की वरून ओतायचं, नाही आली की ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. छप्पन्नला धर्म बदलला आणि मामंजी म्हणाले, आता हे बंद. अकरा माणसांनी दोन उन्हाळे पहार चालवली. मामंजींचे भाऊ पिराजी यांचा पाय दगडाखाली सापडला तो कायमचा अधू झाला. पाणी लागलं त्या दिवसापासून वाड्यातली एकही बाई गावविहिरीवर गेली नाही. पुढं तिथं कुणी अडवेनासं झालं, तरीही नाही.

तेव्हा मामंजींनी छाती काढून सांगितलं, "लिवून घ्या पावणं. ही हीर आमची हाय. गावाची न्हाय. गावाचा एक दगूड न्हाय हिला."

ग्रामसेवकांनी लिहून घेतलं : खासगी. मामंजींनी खाली झोकात सही केली. सही करायला ते याच विहिरीच्या काठावर शिकले होते.

मार्चमध्ये बोअरची गाडी आली आणि दोन दिवस वाड्यात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईना. हंबीररावांना साडेतीन इंच पाणी लागलं. आमची विहीर पंधरा दिवसांत गुडघाभर खाली गेली, मग पुरुषभर. मी अर्ज घेऊन कचेरी गाठली. कारकुनानं फाइल काढून माझ्यापुढं ठेवली. यादीत दोनच नावं होती, देवळामागची विहीर आणि शाळेचा हातपंप.

"तुमची विहीर खासगी आहे, बाई. कायदा सार्वजनिक विहिरींना," तो म्हणाला. मग खालच्या सहीवर बोट ठेवलं. "आणि अनुमोदक तुम्हीच की."

मला तिथंच रडू फुटलं. त्याला माझी कीव आली असावी. विहीर ग्रामपंचायतीला दिली असं मालकानं लिहून द्यावं, मग साहेब पाहणीला येतील, विहीर गावाची आणि पाण्याची निघाली तर बोअर बंद करायचा कागद वर जाईल, असं त्यानं समजावून सांगितलं.

घरी येऊन मी मामंजींपुढं कागद धरला. त्यांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"ज्यांनी पाणी दिलं न्हाय त्यांच्या नावावर हीर करू व्हय?"

"मामंजी, नाव गावाचं, पाणी आपलंच राहणार."

"उद्या तुला लेकरंबाळं झाली, त्यांनी इचारलं, हीर कुणाची, तर काय सांगशील?"

त्यांचं खरं होतं, आणि त्या खऱ्यापायी तीस घरं तहानेनं मरायला लागली होती. अकरा दिवस मी त्यांच्या मागं लागले. भांडले, पाया पडले, एकदा तर ताट आपटलं. त्या अकरा दिवसांत पोहऱ्याला गाळ यायला लागला. शेवटी शेजारच्या यल्लव्वा आल्या. विहीर खोदताना त्यांनी मातीच्या पाट्या उचलल्या होत्या. त्यांनी गाळाचा पोहरा आणून मामंजींच्या पायाशी ओतला.

"धोंडीराम, हीर तुझी ऱ्हाऊ दे. पी आता."

मामंजींनी त्या गाळाकडं बघितलं. मग त्यांनी माझ्याकडं पेन मागितलं.

पाहणीचा दिवस ठरला, सकाळी अकरा. आदल्या संध्याकाळीच विहिरीचा तळ उघडा पडला होता. पहाटे आम्ही बायका दोन मैलांवरच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून दिवसाचं पाणी घेऊन आलो, तर यल्लव्वा वाटेत आडव्या उभ्या.

"सायबाला कोरडी हीर दावायची व्हय? वता आत."

हे खोटं आहे, हे मला कळत होतं. सदस्य मी होते, कायदा मी वाचला होता. तरी पहिली घागर मीच ओतली. मग सगळ्यांनी रांगेनं घागरी, कळश्या, डबे ओतले. घराघरांतून रांजण रिकामे झाले. तळाशी वीतभर पाणी साचलं आणि त्यात आभाळ दिसायला लागलं. बायका हसल्या. मीही हसले.

अकरा वाजले, बारा वाजले. साहेब आले नाहीत. पाणी तळाच्या भेगांतून आमच्या डोळ्यांदेखत उतरत चाललं. दोन वाजता उरलंसुरलं ओतलं, पोरांच्या दुधात घालायचं बाजूला ठेवलेलं तेसुद्धा. पलीकडं हंबीररावांची मोटार एकसारखी चालू होती.

चार वाजता जीप आली. हंबीररावही येऊन उभे राहिले. साहेब घामाघूम झालेले, माणूस काही वाईट नव्हता. त्यांनी फॉर्म काढला आणि मामंजींना विचारलं, "आजोबा, विहीर कुणाची?"

मामंजींनी हंबीररावांकडं बघितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"गावाची," मामंजी म्हणाले.

साहेबांनी लिहिलं. मग पोहरा सोडायला लावला. तो खालच्या दगडावर आपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. वर आला तेव्हा बुडाला थोडा चिखल होता.

"साहेब, सकाळी पाणी होतं," मी म्हणाले.

"असेल, बाई. मला दिसतं ते लिहावं लागतं." त्यांनी फॉर्म माझ्यापुढं सहीला धरला. मालकी : ग्रामपंचायत. पाणी : नाही.

"आता गावाची झाली म्हंजे गाळ काढायचा ठराव करू की," हंबीरराव म्हणाले. "मी सूचक, प्रीतीबाई अनुमोदक."

मी सही केली. जीप गेली.

दिवस कलायला लागला तेव्हा ध्यानात आलं की वाड्यात कुणाच्याच घरात घोटभर पाणी उरलेलं नाही. झऱ्यावर जाऊन यायला पायांत बळ नव्हतं, शाळेचा हातपंप तर कधीच आटला होता. मामंजी भिंतीला टेकून बसले होते, ओठ पांढरे पडलेले. मी घागर उचलली आणि देवळाच्या दिशेला वळले. त्यांनी पाहिलं. मी थांबले, म्हटलं ओरडतील, निदान नको तरी म्हणतील. त्यांनी डोळे मिटून घेतले.

गावविहिरीच्या कट्ट्यावर हंबीररावांची बायको, आक्का, पाणी शेंदत होत्या. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर खरीच माया आली. मला त्यांचा राग यायला हवा होता, तोही आला नाही.

"दमलीस गं बाई. वर चढू नगंस," आक्का म्हणाल्या. "धर घागर तितनंच. मी वततो की."

मी कट्ट्याच्या खाली उभी राहिले आणि घागर पुढं धरली.