शोभतं का : चाळीस गुण

माझ्या डाव्या कानामागे तीळ आहे. हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सत्त्याहत्तर.

स्टीलची पट्टी मानेला लागली की माणूस आपोआप ताठ बसतो आणि न केलेले गुन्हेही कबूल करायला तयार होतो.

'अहो, चार नंबरचं डोकं कुठे गेलं?'

बेचाळीस.

तीन आरशांच्या खोलीत सगळ्यांना तीन नाकं दिसतात. माझी निदान सहा असावीत.

बरं, आता नीट सांगतो.

बायकोने केस कापण्याचा कोर्स केला होता आणि त्या दिवशी शेवटची परीक्षा होती. कात्री, कंगवा आणि डोकं घरून आणायचं, असा नियम. अकरा परीक्षार्थी, अकरा डोकी. माझ्या शर्टावर चिठ्ठी टाचलेली : डोकं क्र. ९. चौकातल्या सलूनच्या मालकिणीने बायकोला शब्द दिला होता, 'प्रमाणपत्र दाखव, सोमवारपासून खिडकीजवळची खुर्ची तुझी.' नापास झाली तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोवर खुर्ची दुसरीची.

केस कापून झाले की डोक्याने एकट्याने तीन खोल्या फिरायच्या. प्रत्येक खोलीत एक परीक्षक. तिघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांचे गुण बघायचे नाहीत.

पहिल्या खोलीत आजोबा. पन्नास वर्षं कात्री चालवलेला माणूस. डोळे मिटून माझ्या डोक्यावरून बोटं फिरवली, खूश झाले. मग डोळे उघडले आणि चेहरा बघून म्हणाले, 'अरेरे.'

दुसरीत पट्टीवाल्या मॅडम. 'नेहमी असेच दिसता?'

'लहानपणापासून.'

'हं.' लिहिलं.

तिसरीत दाढीवाले. त्यांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, शीळ वाजवली आणि म्हणाले, 'जा.'

मग रजिस्टरवाल्या मावशींनी कार्डं एकाखाली एक ठेवली :

आजोबा : कडा १३, मान १२, दोन्ही बाजू १२, शोभतं का ४०. एकूण ७७.
मॅडम : कडा १२, मान १२, दोन्ही बाजू १४, शोभतं का ४. एकूण ४२.
दाढीवाले : कडा १३, मान १३, दोन्ही बाजू १२, शोभतं का २०. एकूण ५८.

'रद्द,' मावशी म्हणाल्या. 'परीक्षकांत पंधराहून जास्त फरक पडला की रद्द.'

'रद्द म्हणजे?' बायको म्हणाली. 'केस कापलेत की मी! ते बघा ना, जमिनीवर पडलेत.'

'सहा महिन्यांनी परत या.'

'आणि यांची सरासरी?'

मावशींनी केली. एकोणसाठ. शंभरात पास साठला.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चेहरा मी सकाळी मुद्दाम निवडून घातला होता.

मोठ्या बाई, म्हणजे शाळा चालवणाऱ्या, बाहेर आल्या. त्यांनी तिघांना एका खोलीत बोलावलं आणि मला मधोमध बसवलं.

'चार का?' बाईंनी मॅडमना विचारलं.

'बघा की याच्याकडे! शोभतंय?'

'अहो, पण याला काहीच शोभणार नाही,' आजोबा उसळले. 'त्यात पोरीचा काय दोष? म्हणून मी पूर्ण दिले.'

'आणि तुम्ही वीस?'

दाढीवाल्यांनी खांदे उडवले. 'मला काही कळेना. मधले दिले.'

'मी इथे आहे,' मी म्हणालो.

'डोक्याने बोलायचं नाही,' तिघं एकदम म्हणाले. त्या दिवसातलं तिघांचं पहिलं एकमत.

बाकी दहा चेहऱ्यांवर तिघांचं बऱ्यापैकी जमलं होतं. घोडं अडलं ते माझ्यापाशी. तेव्हा बाईंनी ठरवलं : 'शोभतं का' म्हणजे नेमकं काय ते आधी तिघांनी मिळून लिहायचं आणि मग पुन्हा गुण द्यायचे. सगळ्यांना. 'एकीला एक नियम आणि दहाजणींना दुसरा, हे माझ्याकडे चालणार नाही. बोलवा डोकी!'

आणि मग जी धमाल उडाली! डोकी तोवर पांगली होती. फोन सुरू. एक डोकं दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेलं. एक बसमध्ये होतं, ते पुढच्या थांब्यावर उतरून उलटं पळत आलं. दोन डोकी समोरच चहा पीत होती, ती कप घेऊनच आली. सात नंबरचं डोकं इतकं देखणं होतं की ते जिना चढलं तेव्हा आजोबांनीही उगाच केस सारखे केले.

चार नंबरचं डोकं सगळ्यांत शेवटी आलं. टोपी घालून.

'काढ,' त्याची बहीण म्हणाली.

'चिडणार नाहीस ना?'

'दादा, काढ!'

टोपी निघाली. दादा परीक्षेवरून थेट आपल्या नेहमीच्या सलूनमध्ये गेले होते. 'जरा नीट' करून घ्यायला.

'दादा,' बहीण किंचाळली, 'तू माझी उत्तरपत्रिका होतास!'

मी इतका हसलो की चिठ्ठीची टाचणी टोचली. बायको हसत नव्हती. चार नंबरचं डोकं आता तपासता येत नव्हतं, म्हणजे नवा नियम सगळ्यांना लागू होत नव्हता. आणि जुन्या नियमाने ती रद्द होती. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

बायको टेबलाशी गेली. माझी तीन कार्डं पुढे ओढली आणि शेवटच्या रकान्यावर कंगवा आडवा ठेवला.

'आता बेरीज करा.'

मावशींनी केली. सदतीस. अडतीस. अडतीस.

'बाकीच्यांचीही करा.'

तेहेतीस कार्डं. कंगवा एकेकावरून सरकत गेला. कुठे एकाचा फरक, कुठे दोनाचा. तीनच्या वर कुठेच नाही. चार नंबरचंही निघालं, कारण ते तर सकाळीच लिहिलेलं होतं.

'साठपैकी धरा,' बायको म्हणाली. 'पास छत्तीसला. सगळ्यांना हेच.'

'वा ग!' सात नंबरवाली म्हणाली. ती पहिली होती, आता चौथी आली होती. 'म्हणजे एवढा देखणा मावसभाऊ मी उगाच शोधला?'

मॅडमनी पट्टी आपटली. 'शोभणं हेच तर आपलं काम आहे! तेच काढून टाकलं तर मग गवत कापायचं यंत्र लावा की.'

त्यांचं बरोबर होतं.

'खरंय,' मोठ्या बाई म्हणाल्या. 'पण आज आपल्या तिघांना ते मोजता येत नाहीये. मोजता येईल तेव्हा परत घेऊ.'

आजोबांनी सही केली. दाढीवाल्यांनी शीळ वाजवत केली. मॅडमनी पेन हातात घेऊन माझ्याकडे एकदा पाहिलं, सुस्कारा सोडला आणि केली. बायको पास. बायकोने माझे दोन्ही कान धरले, सगळ्यांसमोर, आणि मला गदागदा हलवलं. डोकी टाळ्या वाजवू लागली. चहाचा एक कप सांडला.

त्या सकाळी तिने माझे केस बावन्न मिनिटांत कापले होते. वेळ साठ मिनिटांचा होता. बाकीचा सगळा दिवस ते मोजण्यात गेला.