गॅरेजवरची खोली

बायको गेल्यावर इव्हरने आपलं घर सोडलं आणि तो बेथेस्डा गावी लेकीकडे राहायला आला. गॅरेजवरचा माळा नीट करून त्याला द्यायचा असं ठरलं होतं. तोवर म्हणून त्याला सामानाची खोली मिळाली. त्या ‘तोवर’ला आता चौदा महिने होत आले होते.

माळ्याची डोंगरउताराला टेकलेली दगडी भिंत सदा ओली असे. जावयाने, गेथिनने, तिला पाणी अडवणारा रंग दोनदा दिला आणि दोन्ही वेळा त्याला फोड आले. इव्हरची उभी हयात गिलावा करण्यात गेलेली. त्याला हे बघवेना.

“अरे, ओल आत कोंडलीय. रंग खरवड, भिंतीमागची माती उपस आणि चुन्याचा गिलावा कर.”

“बाबा, डब्यावर दहा वर्षांची हमी लिहिलीय.”

“डब्याचं काय जातंय लिहायला!”

लेक नेरिस मध्ये पडली. “तुम्ही आता आराम करायचा, बाबा. जिन्याकडे फिरकायचंसुद्धा नाही.”

त्या घरात त्याला कुणी टाकून बोलत नसे, आणि तेच त्याला जास्त जाचत होतं. भांडायलासुद्धा जागा नव्हती.

एका मंगळवारी दोघं कामावर गेल्यावर तो खरवडणी घेऊन माळ्यावर चढला. दुपारपर्यंत अर्धी भिंत उघडी केली. आतले दगड घामेजल्यासारखे ओथंबलेले होते. तेवढ्यात त्याच्या गुडघ्यात कळ आली आणि पाय टेकवेना. फोन खाली स्वयंपाकघरात राहिला होता. उपड्या बादलीवर बसल्या बसल्या त्याला खिडकीतून पोस्टमन आलेला दिसला. एक हाक पुरली असती. पण तो नेरिसला सांगणार, आणि मग जिन्यालाच कुलूप लागणार. इव्हर गप्प राहिला. बसून हात पोचेल तेवढी भिंत खरवडत राहिला.

सहाच्या सुमारास गेथिन वर आला.

“बाबा! कधीपासून बसलायत इथे?”

“ते सोड. हात लाव भिंतीला.”

गेथिनने तळवा टेकवला. तो ओला झाला. त्याने तो पँटला पुसला आणि पुन्हा टेकवला.

“माती कुठून उपसू?” अखेर त्याने विचारलं.

उन्हाळाभर इव्हर अंगणात खुर्ची टाकून बसला आणि तिथूनच हुकूम सोडत राहिला. गेथिनने माती काढली, पन्हळ बदलली, चुन्याच्या गिलाव्याचे तीन थर दिले. ऑक्टोबरपर्यंत भिंत खडखडीत वाळली. पण गुडघा काही बरा झाला नाही. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला.

एका रविवारी नेरिसने चहाबरोबर मनुकांच्या पावाला लोणी लावून दिलं. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, “गेथिनला हल्ली घरूनच काम असतं. वर त्याचं टेबल टाकावं असं मी म्हणत होते. तुमची हरकत नसेल तर.”

“टाक की. खोली चांगली झालीय.”

“तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?”

“छे! फक्त त्या भिंतीला पुन्हा रंग फासू नका म्हणावं.”

“नाही फासणार, बाबा.”

त्याला तिथून उठून जावंसं वाटत होतं. पण उठायचं तर तिचाच हात मागावा लागला असता. म्हणून तो बसून राहिला आणि तिने पुढे केलेला दुसरा तुकडाही त्याने खाल्ला.